मौजेचा दिवस आणि मुलांचे पोट

उन्हाळ्याच्या सुटीतील सोमवार हा माझ्या दवाखान्यातील सर्वांत गर्दीचा दिवस असतो. उलट्या, पोटात कळ, डोकेदुखी, अंगावर आलेला ताप, लाल झालेले गाल, अशा तक्रारी घेऊन सकाळपासून मुले येऊ लागतात. पंचवीस वर्षांच्या अनुभवाने मी आता पहिला प्रश्न तपासणीपूर्वीच विचारतो, "काल कुठे गेला होतात?" आई-वडील एकमेकांकडे पाहतात आणि शहराबाहेरील एखाद्या थीम पार्कचे किंवा जलक्रीडा उद्यानाचे नाव सांगतात. मग पुढचा प्रश्न, "काय खाल्ले?" या प्रश्नाला उत्तर द्यायला मात्र थोडा वेळ लागतो, कारण यादी मोठी असते. तिसरा प्रश्न, "पाणी किती प्याला?" याला बहुधा उत्तरच नसते.

या स्मरणिकेसाठी काहीतरी 'सर्वांना उपयोगी' लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा या तीन प्रश्नांविषयीच लिहावे असे ठरविले. विषय हलका वाटेल. परंतु एका मुलीच्या बाबतीत तो किती जड होऊ शकतो, हे मी पाहिले आहे आणि त्यात माझाही दोष होता. ती हकीकत पुढे येईलच.

आमच्या लहानपणी हैदराबादेत थीम पार्क नव्हते, नुमाइश होती. १९३८ साली सुरू झालेले हे प्रदर्शन दर जानेवारीत नामपल्लीच्या मैदानावर भरते. आकाशपाळणा, मौत का कुआँ, छोटी आगगाडी हे सारे तेथेच प्रथम पाहिले. आई घरून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि फिरकीच्या तांब्यातून पाणी घेऊन निघे. मैदानात एका कडेला सतरंजी अंथरून आम्ही ते खात असू आणि त्यानंतर सर्व भावंडांना मिळून एका पुड्यातील मिर्ची भजी मिळत. आज विचार करता दोन गोष्टी लक्षात येतात. नुमाइश थंडीत भरते आणि ती संध्याकाळची मौज होती. आजची मुले मे महिन्यात, पारा चाळीस अंशांच्या पुढे गेलेला असताना, सकाळी दहा ते सायंकाळी सहापर्यंत उघड्यावर असतात. दुसरे म्हणजे, आमचा डबा कुणी दारावर अडवीत नसे.

आजच्या बहुतेक मनोरंजन उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास मनाई असते. बालकांचे अन्न आणि वैद्यकीय कारणाने लागणारे पदार्थ यांना सहसा सवलत असते, पण ती मागावी लागते. चित्रपटगृहांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये असाच निर्णय दिला: बाहेरचे अन्न रोखण्याचा अधिकार मालकाला आहे, परंतु पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य दिले पाहिजे आणि तान्ह्या मुलांचे अन्न अडविता कामा नये. उद्यानांचा प्रश्न त्या निकालात नव्हता. पण पालकाने दारावर कोणत्या दोन गोष्टींचा आग्रह धरावा, याचे सूत्र त्यात सापडते.

पाण्याचा विषय या उद्यानांच्या जन्मापासूनच त्यांच्याबरोबर आहे. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले, त्या दिवशी कडक ऊन होते आणि नळकारागिरांच्या संपामुळे सर्व कामे पुरी झालेली नव्हती. स्वच्छतागृहे की पिण्याच्या पाण्याचे नळ, यांपैकी एकच गोष्ट वेळेत होण्यासारखी होती. वॉल्ट डिस्ने यांनी स्वच्छतागृहे निवडली. तहानलेल्या लोकांना वाटले, शीतपेये खपावीत म्हणूनच नळ कोरडे ठेवले आहेत! सत्तर वर्षांनंतर आपल्याकडच्या एखाद्या उद्यानात पिण्याच्या पाण्याचा नळ शोधत फिरताना आणि वाटेत शीतपेयांच्या सहा टपऱ्या ओलांडताना मला त्या लोकांचा संशय अगदीच अनाठायी वाटत नाही.

मूल उन्हात लवकर का कोमेजते, हे थोडे समजून घेऊ. लहान मुलाच्या शरीराचे पृष्ठफळ त्याच्या वजनाच्या मानाने मोठे असते. हवा त्वचेपेक्षा गरम असेल, तर हेच पृष्ठफळ बाहेरची उष्णता आत घेते. मुलांना घाम प्रौढांपेक्षा कमी येतो आणि नव्या उष्णतेची सवय व्हायलाही जास्त दिवस लागतात. या सर्वांहून महत्त्वाचे कारण वर्तनातील आहे. खेळात रमलेल्या मुलाला तहान लागते ती उशिरा, आणि लागली तरी रांगेतील जागा सोडून ते पाणी मागत नाही. पाण्याच्या उद्यानात तर फसगत दुहेरी असते. अंग ओले असल्याने घाम दिसत नाही, गारवा वाटतो म्हणून तहान जाणवत नाही, आणि पाण्यात बुडून राहिल्याने लघवीवाटे पाणी अधिक जाते. दिवसभर पाण्यात डुंबलेले मूल संध्याकाळी कोरड्या जिभेने माझ्यासमोर येते, तेव्हा पालकांचा विश्वास बसत नाही.

मुलाला दिवसाला किती पाणी लागते, याचे हॉलिडे आणि सेगार यांनी १९५७ मध्ये मांडलेले सूत्र आपल्या व्यवसायबंधूंना पाठच आहे. इतर वाचकांसाठी सांगतो: वजनाच्या पहिल्या दहा किलोंना किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या दहांना ५० आणि त्यापुढील प्रत्येक किलोला २०. म्हणजे वीस किलोच्या मुलाला दीड लिटर. पण ही गरज शांतपणे पडून असलेल्या मुलाची आहे. उन्हात धावणाऱ्याला यापेक्षा बरेच अधिक लागेल, आणि नेमके किती हे कुठलेही सूत्र सांगू शकत नाही. म्हणून मी पालकांना आकडा देत नाही, नियम देतो. दर राईडमागे एक लहान पेला पाणी; तहान असो वा नसो; रांगेत शिरण्यापूर्वी. आणि लघवीचा रंग पाहावा. ती फिकट पिवळी असली तर चिंता नाही. गडद झाली किंवा चार-पाच तासांत झालीच नाही, तर खेळ थांबवून सावलीत बसवावे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो, कारण ती सहसा बोलली जात नाही. दहा-बारा वर्षांच्या मुली अशा सहलींत मुद्दाम पाणी पीत नाहीत. स्वच्छतागृहे अस्वच्छ असतात, ओल्या कपड्यांत तेथे जाणे नकोसे वाटते, शाळेच्या सहलीत तर विचारण्याचाही संकोच असतो. त्यांना "पाणी पी" असे दहा वेळा सांगून उपयोग नसतो. आईने किंवा बाईंनी दर दोन तासांनी स्वतः बरोबर घेऊन जावे लागते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग घेऊन सहलीच्या चौथ्या दिवशी येणाऱ्या मुलींची संख्या पाहून मी हे सांगत आहे.

पाण्याऐवजी जे प्यायले जाते, त्याचा हिशेब आता पाहू. कोलावर्गातील पेयात १०० मिलिलिटरमागे दहा-साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या लहान बाटलीत सुमारे २६ ग्रॅम आणि ६०० च्या बाटलीत साठ ग्रॅमहून अधिक. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची ऊर्जेची गरज साधारण १७०० किलोकॅलरी धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितल्याप्रमाणे यांपैकी दहा टक्क्यांहून कमी, शक्य तर पाच टक्क्यांहूनही कमी ऊर्जा वरच्या साखरेतून यावी. दहा टक्के म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम, पाच टक्के म्हणजे २१. एक लहान बाटली संपली की निम्म्याहून अधिक कोटा संपला. आणि आइस्क्रीम अजून यायचेच आहे. डबाबंद फळांचे रस या बाबतीत फारसे सज्जन नाहीत. बर्फाचे गोळे आणि उघड्यावरचे सरबत यांत साखरेपेक्षा बर्फ कोणत्या पाण्याचा, हा प्रश्न मोठा असतो.

'क्षारयुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयांबद्दल चार शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण या विषयाचा आपल्या शहराशी निकटचा संबंध आहे. खरी जलसंजीवनी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनविलेले ओआरएस, यात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. हे प्रमाण आतड्यातील सोडियम व ग्लुकोज यांच्या जोडीने होणाऱ्या शोषणावर आधारलेले आहे. त्यात स्वेच्छेने बदल करता येत नाही. परंतु बाजारात वर्षानुवर्षे अशी पेये ओआरएस या नावाने, औषधांच्या दुकानांतूनही, विकली गेली की ज्यांतील साखर या सूत्राच्या कितीतरी पट होती. जुलाब होणाऱ्या मुलाला असे पेय दिले, तर आतड्यातील साखर पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्याच बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध सुमारे आठ वर्षे झुंज दिली. तेलंगणा उच्च न्यायालयात जनहित याचिकाही केली. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास बंदी केली. एका डॉक्टरच्या चिकाटीने काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आपल्या सर्वांना अभिमान वाटावा असे आहे. तरीही पालकांनी पाकिटावरील मजकूर वाचून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असलेली पुडी एक लिटरची असेल, तर ती पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावी. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नये.

मात्र ओआरएस हे सहलीचे पेय नव्हे. उलट्या, जुलाब किंवा उन्हाने आलेली ग्लानी यांसाठी ते पिशवीत असावे. धडधाकट, खेळत्या मुलाला साधे पाणी आणि मीठ असलेले नेहमीचे अन्न पुरते. ताक मिळाले तर त्यासारखे दुसरे पेय नाही. शहाळ्याचे पाणीही उत्तम. ग्लुकोजची पूड पाण्यात ढवळून मुलांना 'शक्ती' देण्याची जी रीत आहे, ती मला कधीच उमगली नाही. ते साखरेचे पाणीच आहे. फक्त डब्यावर धावणाऱ्या मुलाचे चित्र असते.

सहलीचा आहार दारातून आत शिरल्यावर सुरू होत नाही, तो घरी सकाळी सुरू होतो. लवकर निघायचे म्हणून मुलांना दूध-बिस्किटावर बाहेर काढणे, ही दिवसातील पहिली चूक. बिस्किटे दीड-दोन तासांत पचून जातात आणि तिकिटाच्या रांगेतच भूक लागते. भुकेलेले मूल आणि तळणाचा वास यांची गाठ पडली की मग विवेकाला जागा उरत नाही. पिष्टमय पदार्थांबरोबर प्रथिने आणि थोडी स्निग्धता असली, की जठर सावकाश रिकामे होते. म्हणून थालीपीठ-दही, मुगाचे धिरडे, अंडे-पोळी, शेंगदाणे घातलेले पोहे आणि वर पेलाभर दूध, असे काही पोटभर खाऊन निघावे.

आणि डबा न्यावाच. आत नेता येत नसेल तर गाडीत ठेवावा. दारापाशी पोचल्यावर, तिकिटे काढण्यापूर्वी, झाडाखाली बसून पंधरा मिनिटे खाऊन घ्यावे. परतताना गाडीत पुन्हा खावे. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत सोडतात की नाही, हे आधी विचारून घ्यावे. आपल्या पूर्वजांनी प्रवासाची शिदोरी फार विचारपूर्वक ठरविलेली होती. दुधात भिजविलेल्या कणकेच्या दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी, मेतकूट, भडंग, चिक्की, लाडू. या सर्वांत एक समान धागा आहे: पाण्याचा अंश कमी. जंतूंना वाढायला पाणी लागते, ते येथे मिळत नाही. आपण आता डब्यात काय देतो? पुलाव, पनीरची ओली भाजी, मेयोनीज लावलेले सँडविच. पाच ते साठ अंश सेल्सिअस हा जंतुवाढीचा पट्टा मानतात. शिजविलेले ओले अन्न त्यात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवा बत्तीस अंशांपुढे असेल तर एक तासापेक्षा अधिक नको. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या आतील तापमानाची कल्पना वाचकांनीच करावी. शिवाय स्टॅफिलोकॉकस जंतूचे विष अन्नात आधीच तयार झालेले असते. ते पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. जेवल्यावर दोन-चार तासांतच घरातील सर्वांना एकदम उलट्या सुरू झाल्या, तर बहुधा हेच कारण असते. दहीभात न्यायचाच असेल, तर थंड पिशवीत, बर्फाच्या पाकिटाशेजारी न्यावा आणि पहिल्या खेपेलाच संपवावा. केळी मात्र खुशाल न्यावीत. निसर्गाने ती वेष्टनासह दिली आहेत.

आत गेल्यावर काय घ्यावे? येथे मी पालकांना वाटते तितका कठोर नाही. इडली, डोसा, वरण-भाताची थाळी, वाफाळता भात, उकडलेले कणीस हे बहुतेक ठिकाणी मिळते. शोधावे मात्र लागते, कारण ते मागच्या बाजूस असते. पुढे असतात ते फ्रेंच फ्राइज. नियम एकच: समोर गरम होऊन वाफ येत असलेले घ्यावे, कापून ठेवलेली फळे, कोशिंबीर, चटणी आणि मेयोनीज टाळावे. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणा शासनाने ३० ऑक्टोबर २०२४ रोजी एक वर्षासाठी बंदी घातली होती, ती आपल्याच शहरात मोमो खाऊन अनेक जण आजारी पडल्यावर आणि एका महिलेचा मृत्यू झाल्यावर. तळणाच्या तेलाचीही अशीच गोष्ट. पुन्हापुन्हा तापविलेल्या तेलात निर्माण होणाऱ्या ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून आहे. पण कढईशेजारी उभ्या असलेल्या पालकाजवळ मोजण्याचे यंत्र नसते. त्याने रंग पाहावा. तेल काळपट, दाट आणि फेसाळ दिसले, तर पुढे चालावे.

जे सर्वांत आकर्षक दिसते त्याविषयी मी सर्वांत कडक आहे. 'म्हातारीचे केस' या गुलाबी मिठाईत रोडामाइन-बी हा कापड रंगविण्याचा रंग सापडल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने तिच्यावर बंदी आणली. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने कृत्रिम रंगाच्या अशा मिठाईवर बंदी घातली. दुसरा प्रकार म्हणजे तोंडातून धूर काढणारी बिस्किटे आणि विडे. तो धूर द्रवरूप नायट्रोजनचा असतो. त्याचे तापमान शून्याखाली १९६ अंश. थेंब पोटात गेला, तर त्याचा वायू होताना तो कित्येक शतपट प्रसरण पावतो. २०२४ मध्ये बेंगळुरूत एका लग्नसमारंभात असा विडा खाल्ल्याने बारा वर्षांच्या मुलीच्या जठराला छिद्र पडून शस्त्रक्रिया करावी लागली होती. या दोन बाबतींत 'आजच्या दिवस खाऊ दे' हे मला मान्य नाही. एरवी मात्र आजच्या दिवस एक आइस्क्रीम खाल्ल्याने कुणाचे काही बिघडत नाही, आणि ते नाकारून मुलाचा दिवस नासविणाऱ्या पालकांशी मी सहमत नाही. कोणता एक पदार्थ घ्यायचा, हे मुलानेच घरून ठरवून निघावे. ठरविलेला पदार्थ मुले विलक्षण निष्ठेने पाळतात. चार वर्षांखालील मुलांना मात्र लाह्या आणि अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, आणि कोणत्याही वयात चालत्या राईडवर तोंडात घास नसावा. हसताना श्वासनलिकेत गेलेला दाणा काढण्यासाठी मध्यरात्री दुर्बीण टाकावी लागते.

उद्यानांनी मनावर घेतले तर काय होते, याचेही एक उदाहरण आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये डिस्ने कंपनीने आपल्या उद्यानांतील मुलांच्या थाळीबरोबर फ्राइज आणि सोडा देण्याऐवजी फळे-भाजी आणि दूध, रस किंवा पाणी देण्याचे जाहीर केले. हवे असेल त्याने फ्राइज मागून घ्यावेत, मनाई नव्हती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की जवळजवळ निम्म्या ग्राहकांनी फळे-भाजी तशीच ठेवून घेतली आणि सुमारे दोन-तृतीयांश ग्राहकांनी ती पेयेही. उपदेश नाही, सक्ती नाही. फक्त ताटात आधी काय येते, एवढाच बदल. आपल्याकडील उद्यानांत मुलांच्या थाळीबरोबर ताकाचा पेला आपोआप यावा, असे मला फार वाटते. राष्ट्रीय पोषण संस्थेसारखी संस्था ज्या शहरात १९५८ पासून आहे, तेथे हे अशक्य नसावे.

गरगर फिरणाऱ्या राईडवर उलटी होणे, हा आजार नव्हे. आंतरकर्ण एक सांगतो, डोळे दुसरेच सांगतात आणि मेंदू गोंधळतो. दोन ते बारा या वयात हे सर्वाधिक. रिकामे पोट आणि तुडुंब पोट दोन्ही वाईट. जेवणानंतर तासभर आगगाडी, प्राणी, जादूचे प्रयोग असे संथ कार्यक्रम ठेवावेत. पाण्याच्या उद्यानातील पाणी गिळू नये, हे मुलांना आधीच सांगावे. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी योग्य प्रमाणात क्लोरिन असलेल्या पाण्यातही आठवडाभराहून अधिक तग धरतो. जुलाब होत असलेल्या मुलाला तर तलावात उतरवूच नये. तिकिटांचे पैसे गेले तरी.

आता ती हकीकत. अकरा वर्षांची ही मुलगी माझ्याकडे दोन वर्षांपासून पहिल्या प्रकारच्या मधुमेहासाठी येत होती. हुशार, स्वतःचे इन्शुलिन स्वतः टोचणारी. मे महिन्यातील एका रविवारी कुटुंब अशाच एका ठिकाणी गेले. सकाळी नेहमीच्या मात्रेत इन्शुलिन, थोडी न्याहारी. दारावर पिशवी तपासली गेली, डबा बाहेर ठेवावा लागला. वडिलांना रांगेत हुज्जत घालायची नव्हती. साखर मोजण्याचे यंत्र भिजेल म्हणून लॉकरमध्ये गेले. दीड वाजता जेवायचे ठरले होते, पण भोजनगृहापुढे रांग होती आणि "आधी एक राईड" असे झाले. सव्वादोनला मुलगी रांगेत चिडचिड करू लागली, घामाघूम झाली, हात थरथरू लागले. भर उन्हात घाम आणि चिडचिड यांचा अर्थ कोण काय लावणार? तिला सावलीत बसवून पाणी पाजले. गुण येईना, म्हणून आईने मला दूरध्वनी केला.

मी म्हटले, "साखर कमी झाली आहे, मोजत बसू नका, समोर मिळेल ते शीतपेय पाजा." दहा मिनिटांनी पुन्हा दूरध्वनी आला. फरक नव्हता, उलट ती अडखळत बोलत होती. "काय पाजलेत?" मी विचारले. आई म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही साखर चालणार नाही म्हणालात ना नेहमी, म्हणून बिनसाखरेचे आणले."

दोन वर्षे मी त्या बाईंना साखरेचे तोटे सांगत होतो. साखर औषध केव्हा होते, हे मी सांगितले होते की नाही? टिपणात लिहिलेले होते. पण त्यांच्या मनात उतरेल असे सांगितलेले नव्हते. साधे कोला पेय दीडशे मिलिलिटर पाजल्यावर, म्हणजे पंधरा ग्रॅम साखर पोटात गेल्यावर, पाव तासात ती सावरली. ज्या बाटलीविरुद्ध मी वर इतके लिहिले, तिनेच त्या दिवशी मुलीला वाचविले, हे नोंदविणे भाग आहे.

घडले ते सहज कळण्यासारखे होते. धावपळीत स्नायू इन्शुलिनच्या साह्याने अधिक साखर ओढून घेतात, उष्णतेने त्वचेखालील इन्शुलिन लवकर शोषले जाते, आणि जेवण मात्र लांबलेले. त्यानंतर मी माझ्या सर्व मधुमेही मुलांच्या पालकांना सहलीपूर्वी बोलावून घेतो. लेटरहेडवर पत्र देतो: या मुलास मधुमेह आहे, अन्न, सुया, यंत्र आणि साखर कायम जवळ असणे आवश्यक आहे. हे पत्र दाखविल्यावर दारावर डबा अडविल्याचे मी ऐकलेले नाही. ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेची पुडी खिशात, पिशवीत नव्हे. यंत्र पाणी न शिरणाऱ्या पाकिटात, गळ्यात. इन्शुलिन थर्मासमध्ये, बर्फाला थेट न लावता. न्याहारीपूर्वीची मात्रा किती कमी करायची, ते आदल्या दिवशी लिहून. आणि ज्या रात्री मूल दमून गाढ झोपते, त्याच रात्री साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून झोपताना आणि पहाटे तीनला मोजणे. दम्याच्या, फेफऱ्याच्या आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांनाही असे पत्र मी आता देतो.

मुलगी यंदाच्या एप्रिलमध्ये पुन्हा त्याच ठिकाणी गेली. जाण्यापूर्वी वडिलांचा चेहरा मला पाहवत नव्हता. तिला मात्र जायचेच होते. तिने दोन दशम्या दाराबाहेर खाल्ल्या, एक आत नेली, दुपारी इडली खाल्ली आणि ठरविल्याप्रमाणे एक कुल्फी. रात्री साडेनऊला तिचाच दूरध्वनी आला, "९२ आहे, काय करू?" मी पेलाभर दूध आणि अर्धी पोळी सांगितली, आणि तीनला मोजायला सांगितले. सकाळी भ्रमणध्वनीवर तिच्या आईचा निरोप होता: ११८, झोपली आहे.